‘हिरवा पोपट’ या डच लढाऊ जहाजाची आणि खाडीकाठच्या घराची व्यवस्था

बिस्मिल्लाह करून लिहायला बसलो.

मी, फकरुद्दीन इस्माईल मुकादम, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा जहाजी सुतारकाम, मूळ राहणार मौजे खारबंदर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, सध्या मुक्काम कतीफ, सौदी अरेबिया, आज सोमवार दिनांक २१ जानेवारी १९९१ रोजी माझ्या मागची व्यवस्था माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबाबत माझी बायको अख्तरी हिचं मत वेगळं आहे, पण ते तीस वर्षांपासून वेगळं आहे, युद्धाशी त्याचा संबंध नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही. काल धहरानच्या बाजूला मिसाइल आलं, आमच्या खिडक्या खडखडल्या आणि अख्तरीच्या हातून दुधाचं पातेलं पडलं, एवढाच काय तो दाब.

मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. म्हणून इथल्या सरकारी दवाखान्यातले सर्जन, साताऱ्याचे डॉ. उमाकांत सबनीस, समोर बसून कायद्याचे शब्द पुरवत आहेत. यात जे शब्द जड वाटतील ते त्यांचे, बाकीचे माझे.

कलम पहिले : माझ्या मयतीबद्दल

जिथे मरेन तिथेच मला दफन करावं. गावी नेण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. विमानांचा सध्या भरवसा नाही, आणि मला तो कधीच नव्हता. जन्मभर लाकडी जहाजं बांधलेल्या माणसाला शेवटी पत्र्याच्या डब्यात घालून वर उडवणं बरं नाही. मागे रडारड करायची तर ती अख्तरीने करावी, तिचा तो हक्क आहे. पण गावातल्या लोकांना बिर्याणी मात्र चांगली घालावी. आमच्या गावात माणूस कसा होता हे त्याच्या मयतीच्या जेवणावरून ठरतं.

कलम दुसरे : घर

खारबंदरला खाडीच्या काठी माझं घर आहे. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे एक होडी आत घेता येईल एवढी खोप. ते वडिलोपार्जित नाही. इथे राबून मी ते बांधलं, आणि त्याखेरीज माझ्या नावावर सांगण्यासारखं काही नाही. हे घर मला मेहेकला द्यायचं आहे. हा कागद लिहिण्याचं खरं कारण एवढंच. बाकीची कलमं तोंडी लावायला.

मेहेक आमच्या पोटची नाही. तिचे वडील आकिब आणि मी एकाच गलबतावर काम करत होतो. एकोणीस वर्षांपूर्वीच्या वादळात ते गेले. आई तर तिच्या बाळंतपणातच गेली होती. तेव्हा तीन वर्षांची ती पोर अख्तरीने कडेवर घेतली, ती मनाने अजून खाली ठेवलेली नाही. आज मेहेक बावीस वर्षांची आहे. ती डॉक्टरांच्याच दवाखान्यात नर्स आहे, स्वतःच्या इकाम्यावर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या परवान्यावर, आली आहे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या शेजारी बसून रंधा मारते.

आता अडचण लिहितो. आमच्या धर्मात सांभाळलेलं मूल पोटच्या मुलाच्या जागी बसत नाही. त्याने आपल्या बापाचंच नाव लावायचं, आणि वारसाहक्क त्याला मिळत नाही. मला मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत. म्हणजे माझे वारस दोनच. चौथा हिस्सा अख्तरीचा, उरलेलं सगळं माझा धाकटा भाऊ हुसेनमियाँ याचं. मृत्युपत्राने मला देता येतो फक्त एक तृतीयांश, आणि तोही वारस नसलेल्याला. एक तृतीयांश घर म्हणजे काय? पडवी? पोरीने पडवीत राहायचं आणि पाऊस तिरका आला की भावाची परवानगी घेऊन आत यायचं?

त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची राजीखुशी लागते. अख्तरीला विचारलं, तर ती माझ्यावरच ओरडली, “विचारताय काय? लिवा आधी!” राहिला हुसेनमियाँ.

डॉक्टर म्हणाले, जिवंतपणीच हिबा, म्हणजे बक्षीस, करून टाका. पण हिबा नुसता बोलून होत नाही, ताबा द्यावा लागतो. ताबा द्यायला गावी जाऊन दारात उभं राहायला हवं. आणि आज मला दम्मामपर्यंत जायचं तरी वाटेत तीन चौक्या लागतात. युद्ध संपल्यावर पहिलं काम तेच करीन. पण युद्ध आधी संपतं की मी, हे लिहून देणारा कुणी भेटलेला नाही.

कलम तिसरे : माझा भाऊ हुसेनमियाँ

हुसेनमियाँ खमीस मुशैतला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा फोरमन आहे. एका देशात राहून आम्ही अकरा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

गावातल्या एका लग्नात मी पाहुण्यांना सांगत होतो, ही माझी लेक. हुसेनमियाँ शेजारी उभा होता. सगळ्या जमातीपुढे तो मोठ्याने म्हणाला, “लेक नाय, आकिबची पोर. नाव नीट सांग.” मेहेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या हातात सरबताचं तबक होतं. ते तिने खाली ठेवलं आणि घरी निघून गेली.

शरियतप्रमाणे तो चुकला नव्हता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं आणि आजही करतो. बोलला ते चूक नव्हतं, चारचौघांत बोलला ते चूक. मी तिथे त्याला काय बोललो ते डॉक्टर लिहू देत नाहीत.

म्हणून त्याला विचारायला माझी जीभ रेटत नाही. तो नाही म्हणाला तर मेहेक अकरा वर्षांनी दुसऱ्यांदा तबक खाली ठेवील, आणि ते बघायला मी नसेन. याची मला मिसाइलपेक्षा जास्त भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

कलम चौथे : ‘हिरवा पोपट’

आता आनंदाचं लिहितो.

दम्मामच्या बंदरात देक्कर नावाचे डच इंजिनियर होते. दोन वर्षांपूर्वी ते नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन आमच्या कतीफच्या धक्क्यावर आले. मी तिथे मासेमारीच्या होड्या दुरुस्त करतो. त्यांना त्यांच्या देशाच्या एका जुन्या शिडाच्या लढाऊ जहाजाची हातभर लांब प्रतिकृती हवी होती. जहाजाचं नाव त्यांच्या भाषेत ‘ग्रूने पापेगाय’, म्हणजे हिरवा पोपट. चाळीस तोफा लादलेल्या जहाजाचं नाव पोपट! मी विचारलं, तुमच्याकडे वाघ-सिंह संपले होते का? ते म्हणाले, सिंह नावाची जहाजं फार झाली होती. देक्कर साहेबांचा कुणी खापरपणजोबा त्या जहाजावर आचारी होता, म्हणून ही हौस.

त्या जहाजाची कारकीर्द साहेबांनी मला दर गुरुवारी थोडी थोडी सांगितली. ते ॲमस्टरडॅमला १६५३ साली पाण्यात उतरलं. इंग्रजांशी पहिल्या लढाईला निघालं, तर वारा पडला. पोचलं तोवर लढाई संपून दोन्ही बाजू जेवायला बसल्या होत्या. दुसऱ्या लढाईत ते वाळूच्या दांड्यावर अडकलं. त्यामुळे इंग्रजांना जवळ येता येईना आणि ह्यांना पळता येईना. दिवसभर दोघांनी तोफा डागल्या आणि पुष्कळ मासे मारले. तिसऱ्या लढाईत डोलकाठी मोडली, सुकाणू ऐकेना, आणि पोपट थेट एका इंग्रज जहाजावर जाऊन आदळला. इंग्रजांना वाटलं हा हल्लाच आहे, त्यांनी शरणागती पत्करली. कप्तानाला सोन्याची साखळी मिळाली. पुढे नऊ वर्षं हेरिंग पकडणाऱ्या होड्यांची राखण केली, आणि मग म्हातारं झालं म्हणून आरमाराने ते व्यापारी कंपनीला विकलं.

इथून मला ते आवडायला लागलं. आफ्रिकेला वळसा घालून ते आपल्या वेंगुर्ल्याला आलं. तिथे डचांची वखार होती. जहाज इतकं गळत होतं, की अर्धे खलाशी शिडं ओढत होते आणि अर्धे पाणी उपसत होते. ओहोटीला त्याला चिखलात आडवं केलं आणि तिथल्या सुतारांनी खालच्या कुजक्या फळ्या काढून सागाच्या बसवल्या. देक्कर साहेबांकडे जहाजाच्या रोजनिशीची नक्कल होती, तीत लिहिलंय, ‘इथले तीन सुतार, एक महिना’. कप्तानाच्या कुत्र्याचं नाव आहे, सुतारांची नाहीत. पण त्या सागावर जहाज आणखी एकोणीस वर्षं तरंगलं. शेवटी हॉलंडमध्ये मोडलं, तेव्हा ओकच्या फळ्या जळणात गेल्या आणि सागाच्या एका गोदामाच्या जमिनीला लावल्या. ते जहाज डचांचं की वेंगुर्ल्याचं, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ज्याच्या फळीतून पाणी येत नाही त्याचं.

मी प्रतिकृती करायला घेतली. तिसऱ्या गुरुवारी साहेब आले आणि किंचाळले, “नो, नो! फर्स्ट द रिब्स!” त्यांच्या नकाशात आधी कणा, त्यावर बरगड्या, मग बाहेरून फळ्या. आमच्याकडे आधी फळीला फळी जोडून कवच करतात आणि बरगड्या मागून आत बसवतात. माझ्या बापाने असंच केलं, त्याच्या बापाने असंच केलं. मी म्हटलं, “साब, पहले चमडी, पीछे हड्डी.” ते म्हणाले, हे डच जहाज आहे, होडी नाही. मी म्हटलं, मग डच सुतार बोलवा. तीन गुरुवार ते आले नाहीत. चौथ्या गुरुवारी आले, तेव्हा मी बरगड्या बसवत होतो आणि त्यांना कुठे नखही घालायला फट सापडली नाही. तरी मानेनात.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि त्यांच्या कंपनीने त्यांना परत बोलावलं. ऑक्टोबरात पत्र आलं. तिकडच्या एका जाणत्याला त्यांनी विचारलं होतं. त्याने सांगितलं, की त्या काळचे ॲमस्टरडॅमचे सुतार आधी तळाच्या फळ्याच जोडत, बरगड्या मागून. साहेबांचे नकाशे पुढच्या काळातल्या कुणीतरी काढलेले. साहेबांनी माफी मागितली होती. डॉक्टरांनी ते पत्र मला मराठीत करून तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मागितलं तेव्हा अख्तरी म्हणाली, “आता पाठ करा आणि आमाला सोडा.”

जहाजाच्या मागच्या बाजूला पोपट कोरायचा होता. आमचे कफील, म्हणजे धक्क्याचे सौदी मालक, देवभोळे आणि भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, जिवंत प्राण्याचा चेहरा माझ्या धक्क्यावर नको. म्हणून मी पोपट पाठमोरा कोरला. दोघेही खूश. देक्कर साहेबांना फोटो पाठवला, तर त्यांनी लिहिलं, लढायांचा हिशोब बघता त्याने तोंड फिरवलं हे बरोबरच आहे.

दोरखंड सगळे मेहेकने केले. दवाखान्यात मुदत संपलेला टाके घालायचा रेशमी दोरा फेकून देत, तो डॉक्टरांनी दिला आणि गाठही शिकवली. म्हणजे या जहाजाची डोलकाठी मोडायची झाली तर आधी टाके काढावे लागतील.

हे जहाज मी देक्कर साहेबांना देतो, कारण तशी जबान दिली आहे. एक अट. त्याखाली पितळेची पट्टी लावून लिहावं : ‘आधी फळ्या, मागून बरगड्या’. साहेब परत आले नाहीत तर जहाज दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात ठेवावं, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. मोडलं तर मेहेक दुरुस्त करील.

कलम पाचवे

रद्द. यात अख्तरीच्या बहिणीबद्दल चार ओळी होत्या. अख्तरीने वाचल्या.

कलम सहावे : हत्यारे

माझे दोन वाकस, सगळ्या पटाश्या, रंधे, करवती आणि फटींत कापूस ठोकायची बोथट छिन्नी मेहेकला. हे एक तृतीयांशात बसतं, यावर कुणाचा बापही बोलू शकत नाही. डॉक्टर म्हणतात असं लिहू नये. लिहिलं. मोठं गिरमिट श्रीकांत खोताने १९७४ साली ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेलं आहे. त्याला मी माफ केलं, पण गिरमिट मेहेकने जाऊन आणावं.

पुरवणी, शुक्रवार दिनांक १ फेब्रुवारी १९९१

सह्या करायच्या आधी काही घडलं, ते लिहिणं भाग आहे.

डॉक्टरांनी मला न विचारता खमीस मुशैतला फोन केला होता. काय सांगितलं ते सांगत नाहीत. काल दुपारी दारात एक धुळीने पिवळी झालेली पिकअप उभी राहिली आणि तिच्यातून हुसेनमियाँ उतरला. दोन दिवस गाडी चालवत आला होता. दाढी पांढरी झाली आहे. मागे मधाचे डबे, गाद्या आणि पाण्याची पिंपं.

“चला,” तो म्हणाला. “सामान भरा. खमीसला चला तिघंही. यल्ला.”

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. त्याची खोली लष्करी विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. मी म्हटलं, मिसाइलपासून वाचवायला विमानतळावर नेतोस, तुझी अक्कल वेल्डिंग करून बंद केली का? तो म्हणाला, “आधी जेवायला दे, मग भांड.” अख्तरीने ताट वाढलं. तिचे डोळे वाहत होते आणि तोंडाने ती कांदा तिखट असल्याचं सांगत होती. जेवणात कांदा नव्हता.

जेवून तो जहाजाकडे गेला. खाली बसून त्याने बोटं तळाखालून फिरवली, जशी अब्बा फिरवायचे. डाव्या बाजूच्या एका फळीपाशी तो थांबला, मागे गेला, पुन्हा तिथे आला.

“ही फळी तुझी नाय,” तो म्हणाला.

“का?”

“टोकाला शेवटचा रंधा उलटा मारलाय. हे अब्बा करायचे. तुला कधी जमला नाय तो, किती मार खाल्लास. मला पण नाय जमला. कोणी केली ही?”

खरं आहे. फळीच्या टोकाला रंधा रेषांच्या उलट फिरवला, की लाकूड उचकटतं. अब्बांच्या हातून मात्र ते काचेसारखं निघे आणि जोड पाण्यात घट्ट बसे. मी प्रयत्न सोडून दिला होता. मेहेकला मी त्याची फक्त गोष्ट सांगितली होती. तिने सहा महिने वाया गेलेल्या लाकडावर हात बसवला, आणि एक दिवस मला न सांगता ती फळी लावली.

मी मेहेककडे बोट दाखवलं. ती ड्युटीवरून आली होती, गणवेशातच दारात उभी होती. तिने त्याला सलाम केला आणि पुढे आली नाही.

हुसेनमियाँ जमिनीवरून उठला नाही. बराच वेळ त्याचा अंगठा त्या फळीवर होता. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “माझ्यासमोर एकदा मारून दाखव.”

मेहेकने हातात रंधा घेतला. एक तुकडा गुडघ्याखाली दाबला आणि टोकाला उलटा फिरवला. लांब, अखंड साल निघाली. हुसेनमियाँने ती उचलली, उजेडात धरली आणि खिशात ठेवली. मग तो तोंड धुवायला म्हणून आत गेला. अख्तरी म्हणते, तो नळ उघडायचाच विसरला होता.

त्यानंतर त्याने हा सगळा कागद वाचला. त्याच्याबद्दलचं कलम दोनदा वाचलं. मी ते खोडायला निघालो, तर त्याने हात धरला. मग डॉक्टरांनी मुंबईला त्यांच्या वकील मेहुण्याला फोन लावला. लाइन लागायला दोन तास गेले. त्याने जे सांगितलं ते ऐकून हुसेनमियाँने माझ्या हातातून पेन घेतलं. खालच्या ओळी त्याच्या हातच्या आहेत. अक्षर वाईट आहे, ते लहानपणापासून तसंच आहे.

*मी हुसेनमियाँ इस्माईल मुकादम, राहणार खमीस मुशैत, लिहितो की मेहेकच्या बाबतीत जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घेतलं पाहिजे, म्हणून साक्षीदारांसमोर मागे घेतो. ती आकिबची मुलगी आहे आणि आमच्या घरची आहे, दोन्ही खरं आहे. खारबंदरचं घर तिचं. मला त्यातलं काही नको. माझा मुलगा मुआज यालाही हे लिहून कळवतो, म्हणजे मी आधी गेलो तरी त्याने हेच करायचं.*

*पण वकील म्हणतात, ही संमती आज दिलेली धरत नाहीत. भाऊ मेल्यावरच द्यावी लागते. ठीक आहे, तेव्हा देईन. मला काही घाई नाही.*

लिहून देणार : फकरुद्दीन इस्माईल मुकादम (सही)

वारस : अख्तरी फकरुद्दीन (सही), हुसेनमियाँ इस्माईल मुकादम (सही)

साक्षीदार :
१. डॉ. उमाकांत सबनीस (सही)
२. सौ. वीणा उमाकांत सबनीस (सही)

मुक्काम कतीफ, सौदी अरेबिया
शुक्रवार, दिनांक १ फेब्रुवारी १९९१, असरच्या नमाजानंतर